उपग्रह दिसत नसताना फोनला जागा कशी कळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशा उघडला की निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती एक फिकट वर्तुळ. ठिपक्याकडे सगळे बघतात, वर्तुळाकडे जवळजवळ कुणीच नाही. अंदाज किती चुकू शकतो ते हे वर्तुळ सांगतं. खुल्या डेटाबेससाठी मोबाइल टॉवर आणि वाय-फाय राउटर कुठे ऐकू येतात याच्या नोंदी गोळा करण्याचा मला नाद आहे, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक प्रश्नांचं उत्तर शेवटी त्या वर्तुळापाशीच येऊन थांबतं.

जीपीएस असताना आजूबाजूच्या सिग्नलवरून अंदाज बांधायची गरजच काय?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची ताकद एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाचा पुन्हा दहा अब्जावा भाग, एवढीच उरलेली असते. मोकळ्या आकाशाखाली फोनला तेवढी पुरते. डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब आला की पुरत नाही. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर सिग्नल येतो, पण भिंतींवर आपटत, लांबच्या वाटेने येतो. मग ठिपका पलीकडच्या रस्त्यावर जाऊन बसतो.

दुसरी अडचण वेळेची. जीपीएसचा उपग्रह आपली माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो. स्वतःची कक्षा सांगणारी एक फेरी पूर्ण व्हायला त्याला अर्धं मिनिट लागतं, आणि मध्ये एखादा शब्द हुकला तर पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. म्हणून फोन कक्षेची माहिती इंटरनेटवरून आधीच मागवून घेतो. आपण साधारण कुठे आहोत हे टॉवरवरून कळलेलं असलं, तर कुठले उपग्रह शोधायचे हेही त्याला ठरवता येतं. म्हणजे जीपीएस चटकन लागतं त्यामागेसुद्धा जमिनीवरच्या सिग्नलचा हात असतो.

फोन नेमकं काय ऐकतो?

प्रत्येक वाय-फाय राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देत असतो. त्या हाळीत नेटवर्कचं नाव असतं आणि त्या रेडिओचा ४८ बिटांचा पत्ता असतो. या पत्त्याला बीएसएसआयडी म्हणतात. नाव कामाचं नाही, कारण एकच नाव हजारो राउटरना असू शकतं. काम पत्त्याचं असतं. तो ऐकायला पासवर्ड लागत नाही, जोडणीही करावी लागत नाही.

मोबाइल टॉवरही असंच ओरडून सांगतात: देशाचा क्रमांक, कंपनीचा क्रमांक, विभाग आणि सेलचा, म्हणजे एका अँटेनाच्या टप्प्यातल्या भागाचा, क्रमांक. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येकाचा सेल वेगळा, त्यामुळे टॉवरच्या कुठल्या बाजूला आपण आहोत याचाही अंदाज मिळतो. ब्लूटूथ बीकन, म्हणजे सतत आपली ओळख सांगत राहणारं छोटं यंत्र, हा तिसरा आवाज. दुकानं, संग्रहालयं, विमानतळ अशा ठिकाणी ते मुद्दाम लावलेले असतात.

पण त्या पत्त्यात जागा तर लिहिलेली नसते. मग?

नसतेच, आणि सगळी गंमत इथेच आहे. हा पत्ता नकाशावर कुठे ऐकू येतो हे कुणीतरी आधी जाऊन नोंदवून ठेवलेलं असावं लागतं.

सुरुवातीला हे काम गाड्या फिरवून झालं. २००३ मध्ये सुरू झालेल्या स्कायहुक या कंपनीने रस्तोरस्ती गाड्या पाठवून राउटरच्या नोंदी घेतल्या. पहिल्या आयफोनमध्ये जीपीएसची चिप नव्हती. जानेवारी २००८ च्या अपडेटनंतर तो नकाशावर आपली जागा दाखवू लागला, ती स्कायहुकच्या वाय-फाय नोंदी आणि गुगलच्या टॉवरच्या नोंदी यांच्या जोरावर. २०१० पासून अ‍ॅपलने स्वतःचा डेटाबेस वापरायला घेतला.

आता गाड्यांची तेवढी गरज उरलेली नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या खिशातला फोन जीपीएसवरून आपली जागा जाणतो, त्याच क्षणी आजूबाजूचे राउटर ऐकतो आणि दोन्हींची जोडी कंपनीकडे पाठवतो. असे असंख्य फोन मिळून नकाशा ताजा ठेवतात. तुमचा फोन घरात बसून जो अंदाज सांगतो, तो असा अनोळखी लोकांच्या पायपिटीवर उभा असतो.

यातला एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. डेटाबेसमध्ये राउटरची जी जागा असते ती राउटर जिथे ठेवलाय ती नसते, तो जिथून ऐकू आला त्या ठिकाणांची सरासरी असते. ऐकणारे बहुतेक रस्त्यावर होते, त्यामुळे राउटर कागदोपत्री रस्त्याकडे सरकतो आणि त्याच्यामागोमाग तुमचा ठिपकाही. इमारतीच्या मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला फोन समोरच्या फुटपाथवर दाखवतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

सिग्नल किती जोरात येतोय त्यावरून अंतर काढता येतं ना?

कागदावर येतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलच्या ताकदीचं माप) उतरतो. हे सूत्र हातात घेऊन खोलीत शिरलात की मात्र पंचाईत होते.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर असते. एकच सिग्नल छतावरून, जमिनीवरून, कपाटावरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी फोनपर्यंत येतो. कुठे या लहरी एकमेकींना साथ देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. फोन हातभर सरकवला तरी आकडा ठळकपणे बदलतो. माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं आणि पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे राउटरकडे पाठ केली तरी सिग्नल पडतो. शिवाय राउटर किती ताकदीने बोलतोय हे फोनला ठाऊक नसतं, आणि दोन वेगळ्या फोनचे कानही सारखे नसतात.

आता हिशोब बघा. सिग्नलच्या मोजमापात ६ डेसिबलची चूक झाली तर मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट किंवा निम्मं निघतं. ही चूक बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. ३ मीटरवरच्या राउटरच्या बाबतीत ती ६ मीटर होईल, ते चालून जातं. ४० मीटरवरच्या राउटरचे ८० झाले तर त्या आकड्याला अर्थच राहत नाही. म्हणून जवळच्या राउटरची साक्ष मोलाची आणि लांबच्याची हलकी. साध्या पद्धतींमध्ये हेच करतात: ऐकू आलेल्या सगळ्या राउटरच्या जागांची सरासरी काढायची, पण ज्याचा आवाज मोठा त्याला वजन जास्त द्यायचं. पद्धत अगदी साधी, तरी राउटर दाट असतील तिथे ती चांगली चालते. तीन वर्तुळं काढून छेदबिंदू शोधण्याची शाळेतली आकृती सगळीकडे छापलेली दिसते. प्रत्यक्षात ती वर्तुळं क्वचितच एका बिंदूत भेटतात, त्यामुळे त्या आकृतीवर फार विसंबू नका.

मग इमारतीच्या आत दोन-तीन मीटरपर्यंत अचूकता कशी मिळवतात?

एक वाट ठशांची. अंतर काढायचं सोडून द्यायचं, आणि प्रत्येक ठिकाणी कुठला राउटर किती जोरात ऐकू येतो याचा ठसा आधीच घेऊन ठेवायचा. नंतर फोनला जे ऐकू येतं ते कुठल्या ठशाशी जुळतं ते बघायचं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या रडार नावाच्या प्रकल्पाने २००० साली हे एका मजल्यावर करून दाखवलं आणि मध्यक चूक (निम्म्या वेळा चूक याहून कमी) २ ते ३ मीटरवर आणली. ज्या परावर्तनांमुळे अंतराचं सूत्र कोलमडतं, तीच इथे उपयोगी पडतात, कारण प्रत्येक कोपऱ्याचा गोंधळ निराळा असतो.

पण कुणीतरी अख्खी इमारत पावलापावलाने पालथी घालून ठसे घ्यावे लागतात. कपाटं हलली, राउटर बदलले की ठसे शिळे होतात. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते, तरी जिथे नकाशा ताजा ठेवायला माणूस नाही तिथे ती लावू नये असंच मी सांगेन.

दुसरी वाट वेळ मोजण्याची. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते. फोन प्रश्न पाठवतो, समोरचं यंत्र उत्तर देतं, आणि येण्याजाण्याच्या एकूण वेळातून समोरच्याने घेतलेला वेळ वजा करून अंतर काढतात. दोन्ही घड्याळं जुळलेली असायची गरज पडत नाही, हा याचा मोठा फायदा. वाय-फायमध्ये ही सोय ८०२.११एमसी या नावाने आली आणि अँड्रॉइड ९ ने २०१८ मध्ये ती अ‍ॅप्सना खुली केली. राउटरलाही ती येत असेल तर १ ते २ मीटर अचूकता मिळते. अल्ट्रा-वाइडबँड हे जवळच्या अंतरासाठीचं वेगळं रेडिओ तंत्र याहून पुढे जातं. त्यात स्पंद इतके आखूड असतात की सरळ आलेला आणि भिंतीवरून आलेला सिग्नल वेगळा ओळखता येतो, त्यामुळे चूक सेंटीमीटरमध्ये मोजतात. ब्लूटूथनेही २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत दिशा ओळखणं आणि २०२४ मध्ये ६.० आवृत्तीत अंतर मोजणं आणलं.

टॉवरच्या बाबतीत वेळेचं मोजमाप जुनंच आहे. फोनचं बोलणं टॉवरवर नेमक्या क्षणी पोहोचावं म्हणून त्याला थोडं आधी बोलायला सांगतात. किती आधी, यावरून टॉवरपासूनचं अंतर कळतं. जीएसएममध्ये (२जी) या सूचनेची एक पायरी सुमारे ५५० मीटरची होती, एलटीईमध्ये (४जी) ती ७८ मीटरवर आली.

एकंदरीत किती अचूकता धरायची?

फक्त एका टॉवरवरून: शहरात काहीशे मीटर, उघड्या माळावर कित्येक किलोमीटर. राउटर दाट असतील तिथे वाय-फायवरून साधारण १० ते ४० मीटर. वेळ मोजणारी यंत्रं असतील तर एक-दोन मीटर किंवा त्याहून कमी.

ठिपक्याभोवतीचं वर्तुळ म्हणजे खात्री का?

नाही, आणि हे नीट समजून घ्या अशी माझी कळकळीची विनंती आहे. अँड्रॉइड जेव्हा ‘अचूकता २० मीटर’ म्हणतं, तेव्हा तुम्ही त्या २० मीटरच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के असते. म्हणजे शंभरातल्या बत्तीस वेळा तुम्ही वर्तुळाबाहेर असू शकता. ब्राउझरमधून लोकेशन मागण्याच्या वेबच्या प्रमाणकात हाच आकडा ९५ टक्क्यांचा असावा असं म्हटलंय. आकडा तोच, अर्थ निराळा.

अ‍ॅप बनवणाऱ्यांकडून इथे सर्रास चूक होते. अक्षांश-रेखांश साठवतात आणि अचूकतेचा आकडा टाकून देतात. मग १,५०० मीटरच्या अंदाजावरून कुणाची हजेरी नाकारली जाते, कुणावर ‘जागेवर नव्हता’ असा ठपका येतो. ठिपका दशांशानंतर सात अंक दाखवतो म्हणून तो सात अंकांइतका खरा होत नाही. लोकेशनवरून माणसाबद्दल काही ठरवायचं असेल तर वर्तुळ आधी वाचायला हवं.

आम्ही घर बदललं, पण फोन अधूनमधून जुन्याच गावात दाखवतो. असं का?

तुमचा राउटर तुमच्याबरोबर आला, डेटाबेसमधली त्याची नोंद मात्र जुन्या पत्त्यावर राहिली. आजूबाजूला आणखी पाच-सहा राउटर ऐकू येत असतील तर प्रणाली बहुमत बघते आणि तुमच्या राउटरला बाजूला काढते. आसपास वस्ती विरळ असेल तर मात्र त्या एकट्याच्या साक्षीवरच अंदाज ठरतो.

लोकेशन चालू ठेवलेला फोन घेऊन घराच्या बाहेर, मोकळ्या आकाशाखाली काही वेळ थांबा, जीपीएस नीट लागू द्या. नवी जागा आणि तुमचा राउटर यांची जोडी नोंदली जाते. एका दिवसात फरक दिसेल असं नाही, पण पुरेशा नोंदी जमल्या की जागा बदलते.

याहून अवघड प्रकार म्हणजे गावोगाव फिरणारी प्रदर्शनं. तिथे एकाच आयोजकाचे सगळे राउटर एकत्र प्रवास करतात, त्यामुळे सभागृहातलं बहुमतच चुकीच्या गावाच्या बाजूने पडतं. बसमधले आणि आगगाडीतले राउटर हे आणखी एक दुखणं. एकच पत्ता दूरदूरच्या ठिकाणी ऐकू येऊ लागला की चांगला डेटाबेस त्याला ‘फिरता’ ठरवून कायमचा वगळतो.

माझ्या लॅपटॉपमध्ये जीपीएस नाही, व्हीपीएनही चालू आहे. तरी ब्राउझरने अचूक जागा दाखवली.

व्हीपीएन तुमचं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून वळवतं. त्याने आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक, बदलतो, भोवतालचे राउटर बदलत नाहीत. तुम्ही परवानगी दिलीत की ब्राउझर त्या राउटरची यादी पाठवून जागा विचारू शकतो.

सेटिंगमध्ये वाय-फाय बंद केलं, तरीही लोकेशन येतं?

येऊ शकतं. अँड्रॉइडमध्ये ‘वाय-फाय स्कॅनिंग’ नावाची वेगळी सोय असते. ती चालू असेल तर वाय-फायचं बटण बंद असतानाही फोन राउटर ऐकत राहतो. लोकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती वेगळी बंद करावी लागते, तशीच ब्लूटूथ स्कॅनिंगचीही. विमान मोडमध्ये जीपीएस चालतं, कारण त्यात फोनला फक्त ऐकायचं असतं.

साधं टॉर्चचं अ‍ॅप जवळपासचे राउटर बघायची परवानगी मागतं. देऊ का?

देऊ नका. राउटरची यादी म्हणजेच तुमची जागा. हे ओळखूनच अँड्रॉइड ६ पासून वाय-फाय स्कॅनचे निकाल बघायला लोकेशनची परवानगी सक्तीची झाली. आयओएस १४ मध्ये आणि अँड्रॉइड १२ मध्ये ‘अंदाजे’ लोकेशन द्यायची सोय आली. हवामान दाखवणाऱ्या अ‍ॅपला तेवढं पुष्कळ झालं.

माझा राउटर या डेटाबेसमधून वगळता येतो का?

हो. नेटवर्कच्या नावाच्या अगदी शेवटी अंडरस्कोर आणि त्याला जोडून ‘नोमॅप’ हा शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायचा. गुगलने २०११ मध्ये ही खूण मानायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टसाठी ‘ऑप्टआउट’ हा शब्द, तोही आधी अंडरस्कोर देऊन, नावात कुठेही चालतो. दोन्ही हवे असतील तर नोमॅप शेवटी ठेवा. नाव बदललं की घरातली सगळी यंत्रं पुन्हा जोडावी लागतात, एवढाच त्रास. नेटवर्कचं नाव लपवल्याने काही साधत नाही, कारण पत्ता ऐकू येतच राहतो.

अ‍ॅपलने ही खूण २०२४ मध्ये मान्य केली. त्यामागे मेरिलँड विद्यापीठातलं संशोधन होतं. अ‍ॅपलच्या सेवेला एका राउटरची जागा विचारली की ती शेजारच्या शेकडो राउटरच्या जागाही परत देत असे. संशोधकांनी दाखवून दिलं की यातून जगभरच्या राउटरचा नकाशा बाहेरचा कुणीही तयार करू शकतो, आणि एखादा राउटर एका जागेवरून दुसरीकडे गेला हेही टिपू शकतो. घर सोडून गुपचूप दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसासाठी ही बाब किती गंभीर आहे ते सांगायला नको. अशा माणसाला मी हेच सुचवेन: जुना राउटर बरोबर नेऊ नका, नवा घ्या.

याच कारणासाठी अनेक सेवा एकाच राउटरचा पत्ता दिला तर उत्तर देत नाहीत, निदान दोन तरी मागतात. एकमेकांशेजारचे दोन पत्ते ठाऊक असतील तर विचारणारा तिथे असण्याची शक्यता जास्त, असा त्यामागचा विचार आहे.

ही यादी फोनमध्येच साठलेली असते का?

सगळी नाही, पण आसपासचा तुकडा असतो. एप्रिल २०११ मध्ये आयफोनमध्ये एक फाइल सापडली आणि ‘फोन आपल्या मालकाचा माग ठेवतो’ असा गदारोळ झाला. अ‍ॅपलचं म्हणणं होतं की ती जवळपासच्या टॉवर-राउटरच्या जागांची उतरवून घेतलेली यादी आहे, मालकाचा प्रवास नव्हे. तरी ती महिनोनमहिने साठत होती, आणि ज्या भागातून माणूस गेला त्याच भागाची असल्यामुळे प्रवास बऱ्यापैकी उघड करत होती. पुढच्या अपडेटमध्ये तिची मुदत कमी केली. लोकांचा संताप रास्त होता असं मला वाटतं.

खोटे सिग्नल सोडून फोनला फसवता येतं?

येतं. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झ्युरिकच्या संशोधकांनी २००८ मध्येच हे दाखवलं: खरे राउटर दडपायचे आणि दुसऱ्या गावातल्या राउटरचे पत्ते हवेत सोडायचे. राउटर आपली ओळख सिद्ध करत नाही, नुसती सांगतो. म्हणून पैशाचा किंवा सुरक्षेचा निर्णय फक्त अशा लोकेशनवर सोडणं चूक आहे.

आणीबाणीत कॉल केला तर मदत करणाऱ्यांना माझी जागा दिसते का?

देशावर अवलंबून आहे. एएमएल (अ‍ॅडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन) नावाची सोय २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. आणीबाणीचा क्रमांक फिरवला की फोन आपणहून लोकेशन चालू करतो, जीपीएस आणि वाय-फाय दोन्हींवरून उत्तम अंदाज काढतो आणि एका संदेशातून मदत केंद्राला पाठवतो. आधी टॉवरवरून काही किलोमीटरचा घेर मिळायचा, तिथे आता बऱ्याचदा काही मीटर मिळतात. या सगळ्या तंत्राचा याहून मोलाचा उपयोग मला माहीत नाही.

तरीही बोलता येत असेल तर पत्ता तोंडाने सांगा, आणि मजला नक्की सांगा. उंची हा या पद्धतीचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दाब १ हेक्टोपास्कलने कमी झाला म्हणजे साधारण ८ मीटर वर, असा हिशोब. पण हवामान बदललं तरी दाब बदलतोच, त्यामुळे जवळचा संदर्भ दाब माहीत असल्याशिवाय मजला सांगणं कठीण.

कंपन्यांवर न विसंबणारा खुला डेटाबेस आहे का?

मोझिलाने २०१३ मध्ये असा एक सुरू केला होता, तो २०२४ मध्ये बंद झाला. त्याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण कितीतरी लिनक्स यंत्रं त्यावर अवलंबून होती. टॉवरसाठी ओपनसेलआयडी आहे, २००८ पासूनचा. राउटरच्या नोंदी ठेवणारा विगल हा त्याहून जुना, २००१ चा. बीकनडीबी हा अलीकडचा प्रयत्न मोझिलाची रिकामी जागा भरू पाहतोय. टॉवरची यादी खुली करायला हरकत नसते. राउटर मात्र कुणाच्या तरी घरात असतो, म्हणून त्याची कच्ची यादी सगळ्यांपुढे ठेवावी की नाही हा वाद मिटलेला नाही. माझं मत: ठेवू नये, विचारलेल्या प्रश्नापुरतं उत्तर द्यावं.

मला नोंदी गोळा करायला मदत करायची असेल तर?

नोंदी घेणारं अ‍ॅप फोनमध्ये टाका आणि चाला. गाडीतून वेगाने गेलात तर जीपीएसची जागा आणि राउटर ऐकल्याचा क्षण यांत काही सेकंदांचं अंतर पडतं, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाला एका सेकंदात सुमारे १७ मीटर निघून जातात. शक्य असेल तर रस्त्याच्या दोन्ही कडांनी जा, आणि इमारतीला मागची गल्ली असेल तर तिथूनही एक फेरी मारा. सगळे जण समोरूनच जातात, त्यामुळे मागून आलेल्या एकाच फेरीने राउटरची जागा रस्त्यावरून सरकून आपल्या घराकडे परत येऊ लागते. अँड्रॉइड ९ पासून समोर उघड्या असलेल्या अ‍ॅपलाही दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात, त्यामुळे सावकाश चाललं तरी काही बिघडत नाही. आपल्या घराभोवतीचा भाग मात्र अ‍ॅपमध्ये वगळून ठेवा, म्हणजे रोजची फेरी कुठून सुरू होते ते नोंदींतून कळणार नाही.